तीन मुक्कामांच्या पलीकडे

तात्या,

तुमच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी निरवांगीला पोचलो. टोरांटोतल्या घरातून पाय बाहेर काढल्यापासून तेव्हा अठ्ठावीस तास झाले होते. त्यातले एकोणीस तास विमानतळ ते विमानतळ, मधला तीन तासांचा थांबा धरून. मुंबईतून पुढं सहा तास गाडी. उरलेले रांगेत, सामानाच्या पट्ट्याशी आणि शिक्का मारून घेण्यात गेले. या खेपेला मी ही वाट घड्याळ लावून मोजली. खरं तर मोजायची गरज नव्हती. हा आकडा मला बारा वर्षं पाठ होता. फक्त तुम्हाला तो मी कधी सांगितला नव्हता.

माणसं सावडून परतली होती. लिंबाखाली बसून चहा पीत होती. मी गाडीतून उतरलो. अंथुर्ण्याचे शिवाआबा, तुमच्याबरोबर चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेले, त्यांनी कपाळावर हात धरून माझ्याकडं बघितलं.

"आरं, परवा सांजच्याला तर सुभाषनं तुला फोन केला. आन् आज तू हितं? तात्या म्हणायचा, तीन दिस लागत्यात."

"मग विमानानंच आलाय की त्यो, आबा. मेंढरं हाकत आलाय व्हय," कुणीतरी म्हणालं. सुतकाच्या घरात हसावं तेवढंच माणसं हसली.

काकी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तीही बघत होती. आणि तात्या, मी म्हणालो, "ह्या वेळी थेट विमान मिळालं, आबा."

तुमची राख अजून गरम असेल. मी दारात उभा राहून पुन्हा तेच केलं.

आता परत आलो आहे. इथं खिडकीबाहेर बर्फ आहे आणि मी हे तुम्हाला लिहितो आहे. जे तुम्हाला ओळखत होते त्यांनी हे वाचावं असं मला वाटतं, कारण तुम्ही माझं झाकून ठेवलंत आणि ते झाकलेलं घेऊन मला जगता येणार नाही.

आजी गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माझे वडील त्याआधीच गेले होते, आई त्यांच्याही आधी. शाळेसाठी मी आजीजवळ गावात राहायचो आणि तुम्ही, माझे चुलते, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचात. रोजची चाल संपली, मेंढरं बसली, की एक मुक्काम. कोकण म्हणजे अकरा मुक्काम. आजी आठ दिवस अंथरुणावर होती. तुम्हाला कुणी कळवलं नाही. ती गेल्यावर मगच माणूस धाडला. मेंढरं नेमकी कुठल्या रानात बसलीत हे शोधण्यात त्याचे दिवस गेले, आणि तुम्ही थेट दहाव्याला आलात. दाढी वाढलेली, घोंगडं खांद्यावर. आईच्या मातीला तुम्ही नव्हता आणि तुम्ही कुणावर रागावलाही नाहीत, याचा मला भयंकर राग आला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मी आस्तो तर पळत आलो आस्तो."

तुम्ही मला मारलं नाहीत. जवळ बसवून घेतलंत.

"पळत आला आस्तास, आन् काय बघितलं आस्तंस? राख?" मग म्हणालात, "तीन मुक्कामांच्या पल्याडच्या माणसाला आजारपण कळवायचं न्हाय, दत्तू. त्यो हितं पोचत न्हाय आन् तितं त्येचं चित्त ऱ्हात न्हाय. मधल्या मधी जनावर मेंढरं नेतंय. म्हातारीनंच सांगितलं आसंल, कळवू नगा म्हणून."

आजीनं खरंच तसं सांगितलं होतं. मी तिच्या उशाशी होतो, मी ऐकलं होतं. तरी मला तो नियम दगडाच्या काळजाचा वाटला. त्यावर आपलं पुढं किती वेळा वाजलं. गावात पहिला फोन आला तेव्हा मी म्हणालो, आता तरी मोडा तो नेम. तुम्ही म्हणालात, "तार आली म्हणून पाय लांब झालं व्हय?" भांडण तिथंच राहिलं.

पण तुमचं दुसरं एक वाक्य आहे. गेले तीन आठवडे मी त्याच्याच अवतीभवती फिरतो आहे.

मी नववीत बारामतीच्या वसतिगृहात होतो. टायफॉइड झाला होता. तुम्ही कोकणात होता, आणि तुम्हाला कळवायचं नाही असं काकीनं ठरवलं होतं, नेमाप्रमाणे. चौथ्या दिवशी दुपारी डोळे उघडले तर दारात तुम्ही. खोलीभर मेंढरांचा वास. लोणी भापकरचा कुणी ट्रकवाला महाडच्या बाजाराला भेटला होता. तो बोलता बोलता म्हणाला, वसतिगृहात तापाची साथ आहे, आणि तुम्ही काठी तशीच मेव्हण्याच्या हातात देऊन त्याच्याच ट्रकमध्ये चढलात. अकरा मुक्काम तुम्ही एका दिवसात आलात. तीन दिवस माझ्या खाटेशी बसून मोसंबी सोलत होता. फोडीवरचा पांढरा दोरा न् दोरा काढायचात, मेंढरांच्या लोकरीतला काटा काढावा तसा.

मी ताप उतरल्यावर म्हणालो, "मग नेम मोडला की तुमी."

तुम्ही हसलात. "सांगावा धाडायचा न्हाय, आसा नेम हाय. आपणहून यायचं न्हाय, आसं कुठं लिवलंय?"

परत गेलात तेव्हा मागं दोन कोकरं जनावरानं नेली होती. हे मला काकीनं खूप वर्षांनी, सहज, भाकरी थापता थापता सांगितलं. तुम्ही कधीच नाही.

आता डाळिंबाची गोष्ट. ती तुम्हाला माहीत आहे, पण मी सांगितली पाहिजे.

मी टोरांटोला येऊन चार वर्षं झाली होती आणि दुसऱ्यांदा सुट्टीवर आलो होतो. कळप तोवर मोडला होता. तुमचे गुडघे गेले होते, कालव्याचं पाणी आलं होतं, आणि जिथं मेंढरं बसायची तिथं तुमच्या सुभाषनं डाळिंब लावलं होतं. तोडणी चालू होती. तुम्ही बांधावर क्रेटच्या शेजारी बसून म्हणालात, "तुजं ते गाव हितनं किती लांब हाय, जरा दाव की."

मोबाइलवर एक पान असतं. दोन विमानतळांची नावं टाकली की ते मधलं अंतर सांगतं, न थांबता उडालं तर किती वेळ लागेल तेही सांगतं, आणि नकाशावर एक रेघ ओढून दाखवतं. मी मुंबई आणि टोरांटो टाकलं. साडेबारा हजार किलोमीटर. रेघ वर उत्तरेकडं कमानीसारखी वाकून पुन्हा खाली उतरली होती.

"रेघ वाकडी हाय," तुम्ही म्हणालात. "सरळ गेला तर जवळ पडंल न्हाय का? डायवर शिकाऊ हाय का काय?" तेवढ्यात बारामतीकडून विमान चालवायला शिकणाऱ्यांचं एक छोटं विमान घरघरत वरून गेलं. तुम्ही त्याच्याकडं बोट केलंत. "ह्यो जातोय का तिकडं? ह्येलाबी काय सरळ येत न्हाय."

मग मी क्रेटमधलं एक डाळिंब घेतलं. तुमच्या घोंगड्याचा एक धागा ओढला. एका बाजूला मुंबई, दुसरीकडं टोरांटो असं नखानं टोचून धागा ताणून धरला आणि दाखवलं, गोलावरून जवळची वाट अशी वरूनच जाते. तुम्ही डाळिंब हातात घेऊन किती वेळ फिरवत बसलात. "मंजी कागदावर वाकडं दिसतं ते खरं सरळ आस्तंय," म्हणालात. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. रानात नवी पाणंद सापडल्यासारखा.

मग तुम्ही विचारलंत, "आन् येळ किती लागतो?"

पडद्यावर लिहिलेलं होतं. पंधरा तास. मधे विमान बदललं तर एकोणीस-वीस. मी ते बघत होतो आणि तोंडानं म्हणालो, "तीन दिवस, तात्या."

पहिल्या वर्षी खरंच तीन दिवस लागले होते. बर्फामुळं विमान रद्द झालं, परक्या गावात हॉटेलात राहावं लागलं, पुढचं विमान दुसऱ्या दिवशी. ते एकदा खरं होतं म्हणून खोटं बोलणं सोपं गेलं. तुम्ही आदल्या दिवशीच म्हणाला होता की दर चैत्रात जत्रेला येत जा, देवापुढं घरातला एक तरी शिकलेला उभा राहू दे. मला ते नको होतं. नोकरी, मुलांची शाळा, सुट्ट्या ही कारणं होती, पण कारण ती नव्हती. तात्या, तुमच्यासमोर आलो की मी पुन्हा त्या खाटेवरचा मुलगा व्हायचो. तुम्ही कधी काही बोलून दाखवलं नाहीत, तरी माझी मान आपोआप खाली जायची. माणसाला कृतज्ञतेचाही कंटाळा येतो. असं लिहिताना लाज वाटते, पण खरं हेच आहे. मला तुमच्यापासून थोडं लांब राहायचं होतं, आणि साडेबारा हजार किलोमीटर पुरले नाहीत, म्हणून मी त्यात दोन दिवस मिळवले.

तुम्ही पडद्याकडं एकदा बघितलंत, माझ्याकडं एकदा. "तीन दिस," एवढंच म्हणालात. ते डाळिंब धाग्यासकट घरी नेऊन कोनाड्यात ठेवलंत.

पुढं तो आकडा आपला दोघांचा झाला. जत्रा आली, सुभाषच्या पोरीचं लग्न आलं, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. मी म्हणायचो, तीन दिवस जायला, तीन यायला, सुट्टी वाटेतच सरते. नंतर नंतर मला म्हणावंही लागायचं नाही. तुम्हीच आधी म्हणायचात. बारा वर्षांत मी तीन वेळा आलो.

शेवटचा रविवार. दर रविवारी तुम्ही फोन करायचात तसा केलात. मागं काहीतरी टुकटुक वाजत होतं.

"काय वाजतंय, तात्या?"

"मोटारीचा स्टार्टर बिघडलाय. सुभाष बघतोय." मग पोरांचं विचारलंत, थंडीचं विचारलंत. आवाज बारीक होता. मी म्हणालो, आवाज का असा. "आत्ताच उठलोय," म्हणालात. तुमच्याकडं तेव्हा संध्याकाळ होती. माझ्या ते लक्षात आलं आणि मी सोडून दिलं. मग तुम्ही म्हणालात, "औंदा जत्रंला काय जमतंय का?"

"बघतो. पण तुम्हाला माहितंय..."

"व्हय व्हय. तीन दिस लागत्यात. ऱ्हाऊ दे."

तो बारामतीच्या दवाखान्यातला तुमचा तिसरा दिवस होता. त्यानंतर तीन दिवस तुम्ही होता. मी कसाही, कुठल्याही विमानानं निघालो असतो तरी तुमच्या हातात हात देऊन, मोसंबी सोलून, तुमच्याशी भांडायलाही वेळ उरला असता.

बुधवारी सकाळी मी दात घासत होतो, तेव्हा सुभाषचा फोन आला. तो म्हणाला, "माती उरकली." इतकंच. आजी गेल्यावर तुमच्याकडं जो माणूस धाडला होता, त्यानंही बहुतेक तुम्हाला एवढंच सांगितलं असेल.

पाचव्या दिवशी मी सुभाषला बागेत गाठलं. तो ठिबकच्या नळ्या तपासत होता. तुमचा मुलगा मी आल्यापासून माझ्याशी नीट बोलला नव्हता. मी विचारलं, सहा दिवस तात्या दवाखान्यात होते, एक फोन का नाही केलास?

तो वाकलेलाच राहिला. "हातात घेतला हुता फोन. पयल्याच दिशी. तात्यांनी मनगाट धरलं. सलाईनचा हात, पन सोडंना. म्हणालं, त्यो तीन मुक्कामांच्या पल्याड हाय, नेम मोडू नगंस. मी म्हणलं, तात्या, आता समदं जग येका दिसात येतंय. निरवांगीची चार पोरं भाईर हायती, कुणाला लागत्यात तीन दिस?"

"मग?"

"म्हणालं, मला ठावं हाय. पंधरा लिवलं हुतं त्या पडद्यावर. मी बघितलंय."

मी बांधावर बसलो, तात्या. तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. तुम्ही दर रविवारी माझा एवढा लांबलचक नंबर, पुढच्या शून्यांसकट, स्वतःच्या बोटानं दाबत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एक आणि पाच तुम्हाला वाचता येणार नव्हते?

सुभाष म्हणाला, "तू गेल्यावर त्याच रातच्याला जेवताना इचारलं हुतं मला. पंधरा मंजी दिस का तास? मी म्हणलं तास. दवाखान्यात मी लई धोसरा धरला, तवा म्हणालं..." त्यानं नळी पुसल्यासारखी केली. "म्हणालं, मानूस जेवढं लांब सांगतो, तेवढंच लांब आस्तो. त्येला वढून आणू नगंस. आन् तुज्या आईला ह्यातलं काय सांगू नगंस. तिला वाटू दे, लांब हाय म्हणून येत न्हाय."

आठ वर्षं, तात्या. आठ वर्षं तुम्ही काकीला, शिवाआबांना, साऱ्या गावाला तीन दिवस सांगत राहिलात. माझं खोटं तुम्ही तुमच्या तोंडानं खरं करत राहिलात, लोकांनी मला नावं ठेवू नयेत म्हणून. मी त्याला नियम म्हणून नावं ठेवत होतो. तुम्ही त्याच नियमाचं पांघरूण करून माझ्यावर घातलंत.

तुमच्यावर रागवायचंही आहे मला. तुम्ही एकदा शिवी हासडून म्हणायचं होतंत, लेका, एका दिसाची वाट आणि येत न्हाईस व्हय? मी चिडलो असतो, ओशाळलो असतो, आणि आलो असतो. एवढं मोठं मन कशाला केलंत? पण हे म्हणताना मला तुमचंच उत्तर ऐकू येतं. आपणहून यायचं न्हाय, आसं कुठं लिवलंय?

तेरावा झाला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी कोनाड्यातलं ते डाळिंब बघितलं. सुकून लिंबाएवढं झालंय, साल लाकडासारखी. धागा अजून तसाच रुतलेला आहे. कानाशी धरून हलवलं तर आत दाणे वाजले. जागच्या जागी ठेवून दिलं.

काकी खाली बसून माझी पिशवी भरत होती. शेंगदाण्याची चटणी, मोठी पिशवी, निदान दोन किलोची. वर्षभर पुरली पाहिजे म्हणून ती दरवेळी असंच करते. म्हणाली, "पुन्यांदा कवा येणं हुतंय कुणास ठावं. तीन दिसाची वाट. तुजं तरी काय चुकतंय."

सुभाष दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. त्यानं तुमचा शब्द पाळला होता. पुढंही पाळला असता.

मी तिच्यासमोर खाली बसलो. "काकी, तीन दिवस लागत न्हायत."

ती गाठ मारत होती.

"एक दिवस लागतो. आज सकाळी निघालो तर उद्या तितं. मी खोटं सांगत हुतो. पयल्यापास्नं. तात्यांना ठावं हुतं."

गाठ पक्की करून तिनं मान वर केली. तुमच्या खाटेकडं बघितलं. तात्या, मी तयार होतो. तिनं मला घराबाहेर काढलं असतं, तरी मी ते घेतलं असतं. बाहेर पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता, स्टार्टर अगदी व्यवस्थित होता.

"एक दिस," ती म्हणाली. "मंजी जवळच हाय की."

मग तिनं मारलेली गाठ सोडली. पिशवीतली अर्धी चटणी पुन्हा बरणीत ओतली, कडेला सांडलेली बोटानं निपटून आत घातली, आणि झाकण लावत म्हणाली,

"मग येवढी कशाला नेतोस? जत्रंला येशील तवा ताजी करून दीन."